कुणाला हात लावायचा नाही, हे कधी शिकवणार?

फिजिओथेरपीचा पदव्युत्तर अभ्यासक्रम ठरवणाऱ्या सर्वांना: विद्यापीठाच्या अभ्यास मंडळातल्या, राज्य परिषदेतल्या आणि राष्ट्रीय आयोगावरच्या मान्यवरांना,

सप्रेम नमस्कार.

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, एसटी स्टँडच्या मागे माझा दवाखाना आहे. दोन टेबलं, दुखण्यावर विजेचा सौम्य प्रवाह देणारं एक आयएफटीचं मशीन, भिंतीला ठोकलेली लाकडी शिडी, रबरी पट्ट्या आणि बाहेर एक बाकडं. पदवी घेतल्यावर दवाखाना काढला, सहा वर्षांनी त्याला कुलूप लावून पदव्युत्तर शिकायला गेले, मग काही वर्षं एका कॉलेजात शिकवलं आणि पुन्हा इथंच आले. शिकणारी, शिकवणारी आणि पेशंट बघणारी, तिन्ही बाजूंनी हा विषय अंगावर घेतला आहे. त्या जोरावर हे पत्र.

सुरुवात माझ्या चुकीनं करते.

दवाखान्याचं दुसरं वर्ष होतं. एक बाई आल्या. पंचेचाळिशीच्या, दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या. पाठीच्या मध्यावर दुखत होतं. महिन्यापूर्वी ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून उतरताना लचक भरली, असं त्या म्हणाल्या. मीही कार्डावर लचकच लिहिली. शेक, आयएफटी, वर ट्रॅक्शन. सातव्या दिवशी टेबलावरून उठता उठता त्या म्हणाल्या, "ताई, दिवसा बरं वाटतंय, पर रातच्याला डोळ्याला डोळा लागत न्हाई." मी त्यांना कडक गादीवर झोपायला सांगितलं. अकराव्या दिवशी आत येताना त्यांच्या पायाचा अंगठा उंबऱ्याला अडकला. मी ते पाहिलं, आणि कशी कोण जाणे, त्या दिवशी पहिल्यांदा मशीनकडे न जाता त्यांच्या पायाशी बसले. घोटा झटक्यानं वर केला तर पाऊल थरथर नाचायला लागलं, म्हणजे मज्जारज्जूवर दाब आल्याची खूण. पाठीच्या कण्यावर मुठीनं हलकेच ठोकलं, तर एका मणक्यावर बाई कळवळल्या. विचारल्यावर कळलं की दोन महिन्यांत लुगडं सैल व्हायला लागलं होतं आणि संध्याकाळी अंग कोमट वाटायचं. साताऱ्याला पाठवलं, एमआरआय झाला. मणक्याचा टीबी. म्हणजे अकरा दिवस मी किडीनं पोखरलेल्या मणक्याला वजन लावून ताणत होते.

बाई वाचल्या. दीड वर्ष टीबीवरच्या एकेटीच्या गोळ्या, पाठीला पट्टा. चालतात, कामं करतात, पाठीत बाक राहिला. त्यांनी मला कधी बोल लावला नाही, उलट "ताईनं वळखलं म्हणून" असं गावभर सांगितलं. त्या कौतुकानं मला जेवढी लाज वाटली तेवढी कशानंच नाही.

आता मुद्दा. मणक्याचा टीबी मला माहीत नव्हता का? चांगलाच माहीत होता. व्हायव्हात त्यावर पैकीच्या पैकी मार्क होते. रात्रीचं दुखणं, वजन घटणं, संध्याकाळचा ताप, ठोकल्यावर कळ, ही यादी झोपेतसुद्धा म्हटली असती. पण साडेचार वर्षांत एकदाही असं झालं नव्हतं की समोर पेशंट आहे, कुणी आधी तपासलेला नाही, हातात डॉक्टरांची चिठ्ठी नाही, आणि "हा माझा पेशंट आहे की नाही" हे मलाच ठरवायचं आहे. वॉर्डात पेशंट यायचा तो निदानाची पाटी गळ्यात घालूनच. आम्ही फक्त पुढचं करायचो. मग पदव्युत्तरची दोन वर्षं केली. तिथं पाट्या आणखी मोठ्या, आणखी अवघड निघाल्या, एवढाच फरक.

माझ्या वेळी निदान एक सबब होती. कायद्यानं आम्ही कोण, हे धड कुणालाच माहीत नव्हतं. महाराष्ट्रानं २००२ साली ऑक्युपेशनल थेरपी आणि फिजिओथेरपी परिषदेचा कायदा केला, पण बहुतेक राज्यांत तेही नव्हतं. आता तसं राहिलं नाही. संसदेनं २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या परिशिष्टातली फिजिओथेरपिस्टची व्याख्या मी माझ्या टेबलाच्या काचेखाली ठेवली आहे. त्यात सर्वांगीण तपासणी आहे, प्रतिबंध आहे, चाळणी आहे, निदान आहे, उपचार आहेत. स्वतंत्रपणे किंवा इतरांच्या जोडीनं काम करता येईल, असं स्पष्ट म्हटलं आहे. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या नव्या अभ्यासक्रमानं पदवी पाच वर्षांची केली, त्यातलं एक वर्ष इंटर्नशिपचं. हे सगळं चांगलंच झालं, मी टाळ्या वाजवणाऱ्यांत आहे.

पण दार उघडलं म्हणजे आत शिरणाऱ्याला सामना करता येईल, असं होत नाही. कायद्यानं दिलेल्या त्या "स्वतंत्रपणे" या एका शब्दासाठी लागणारं प्रशिक्षण पदव्युत्तर पातळीवर कुठं आहे, हे मला तुम्हाला विचारायचं आहे.

आज पदव्युत्तर म्हणजे काय, ते तुम्हाला मी सांगायला नको, तरी सांगते, कारण कागदावर ते फार देखणं दिसतं. शाखा अवयवांप्रमाणे पाडलेल्या: हाडं-स्नायू, मेंदू-मज्जा, हृदय-फुप्फुस, समाज, खेळ. पहिल्या वर्षी सिनॉप्सिस म्हणजे संशोधनाचा आराखडा, एथिक्स कमिटी, गाईडची सही. मग डेझर्टेशन, म्हणजे प्रबंध. तीस पेशंट, पंधरा-पंधराचे दोन गट, एकाला अमुक तंत्र, दुसऱ्याला तमुक तंत्र, चार आठवडे, आणि शेवटी "दोन्ही गटांत सुधारणा दिसली, पहिल्यात जरा जास्त." मी स्वतः असंच एक केलं आहे, आणि गाईड म्हणून अशी काही करूनही घेतली आहेत, तेव्हा हे बोट आधी माझ्याकडे आहे. त्या तीस पेशंटांतल्या कुणालाही पुढं काय झालं, हे विचारायला कुणी गेलं नाही. लायब्ररीत ती डेझर्टेशनं काळ्या रेक्झिनच्या पुठ्ठ्यात ओळीनं उभी आहेत.

आणि जी पोकळी राहते ती रविवारच्या कार्यशाळा भरून काढतात. दोन दिवसांत ड्राय नीडलिंग म्हणजे स्नायूत सुया टोचणं, दोन दिवसांत कपिंग म्हणजे कातडीवर कप लावून ओढणं, दोन दिवसांत टेपिंग म्हणजे पट्ट्या चिकटवणं. हॉटेलचा हॉल, दुपारचं जेवण, सर्टिफिकेट घेतानाचा फोटो. काही चांगल्या असतात, त्यांच्यातून मीही शिकले. पण तिथं सगळं "काय करावं" एवढंच शिकवलं जातं. कधी करू नये, यासाठी कुणी पाच हजार रुपये भरून येत नाही.

आरोग्याचं चित्र मात्र आमची वाट बघत थांबलेलं नाही. गुडघा बदललेला पेशंट पूर्वी दहा-बारा दिवस दवाखान्यात असायचा, आता तिसऱ्या-चौथ्या दिवशी टाके घेऊन घरी येतो. लकव्याचा पेशंट वेळेत इंजेक्शन मिळाल्यानं वाचतो आणि पुढची वीस वर्षं जगतो. ती वीस वर्षं कशी जगायची, याचं उत्तर शहरातल्या आयसीयूत नसतं. २०११ च्या जनगणनेतच महाराष्ट्रात साठीच्या पुढची माणसं जवळपास दहा टक्के होती, आणि माझ्या तालुक्यात तर पोरं पुण्याला गेल्यानं घरोघरी तीच उरली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली 'पुनर्वसन २०३०' अशी हाक दिली. पुढं आलेल्या अभ्यासात जगातल्या २४० कोटी लोकांना, म्हणजे दर तिघांत एकाला, पुनर्वसनाचा उपयोग होईल असा अंदाज निघाला. माझ्या बाहेरच्या बाकड्यावर तो आकडा रोज बसलेला असतो.

एकच प्रसंग सांगते. २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात गियाँ-बारेची, म्हणजे नसा दुखावून हातपाय लुळे पाडणाऱ्या आजाराची, साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण, दूषित पाण्याची शंका, टीव्हीवर रोज आकडे. मार्चपर्यंत बातम्या संपल्या. आणि आमच्याकडे काम तिथून सुरू झालं. त्या भागात भाड्यानं राहणारा आमच्याच तालुक्यातला एक पोरगा, व्हेंटिलेटरवरून सुटून, घरच्यांनी गावी आणला. दोन्ही पावलं लोंबती, हाताची मूठ वळत नाही, गळ्यावर ट्रॅकिओस्टोमीची, म्हणजे श्वासासाठी पाडलेल्या छिद्राची, खूण ओली. वडील पैलवान माणूस. पहिलाच प्रश्न, "ताई, दिवसाला किती बैठका?"

आता हा प्रश्न वाटतो तेवढा साधा नाही. या आजारात नसांवरचं आवरण हळूहळू भरून येत असतं. व्यायाम कमी पडला तर सांधे आखडतात, जास्त झाला तर थकवा असा चढतो की दोन दिवस पोरगं डोळे उघडत नाही. उशा लावून नुसतं बसवलं तरी रक्तदाब एकदम खाली येऊ शकतो, कारण रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही दुखावलेल्या असतात. मी पहिल्या दिवशी त्याला बसवलं ते बीपीचा पट्टा दंडाला बांधूनच. तीन मिनिटांत ओठ पांढरे पडले, परत आडवा केला. वडिलांना वाटलं, ताईला जमत नाही. ताईला जमत होतं, कारण ताईनं पदव्युत्तरच्या काळात योगायोगानं असे दोन पेशंट पाहिले होते. योगायोगानं. माझ्या शेजारच्या तालुक्यातल्या मुलीला तो योगायोग मिळालेला नाही, आणि तिच्याकडेही असाच एक पेशंट होता. ती मला रात्री दहाला फोन करायची. आमचं अभ्यासक्रमाबाहेरचं पदव्युत्तर विद्यापीठ म्हणजे ते रात्रीचे फोन.

आणखी एक गोष्ट, जिच्याबद्दल मी जरा जास्तच बोलते असं माझे जुने सहकारी म्हणतात. आम्ही मोजतो काय? गुडघ्याच्या संधिवातासाठी जगभर वापरली जाणारी वोमॅक ही प्रश्नावली कॅनडातून आली. तिच्यात बाथटबात उतरताना, मोजे चढवताना, मोटारीत बसताना त्रास होतो का, असे प्रश्न आहेत. माझ्या पेशंटना बाथटब माहीत नाही. त्यांना धार काढायला उकिडवं बसायचं असतं, शेताच्या बांधावर परसाकडला बसायचं असतं, पंगतीत मांडी घालायची असते, आणि सगळ्यात अवघड म्हणजे, जमिनीवरून कुणाचाही हात न धरता उठायचं असतं. पुण्याच्या सेंटर फॉर ऱ्हुमॅटिक डिसीजेसनं या प्रश्नावलीची आपल्याकडच्या जगण्याला धरून आवृत्ती केली आहे. त्याच मंडळींनी, डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुढाकारानं, १९९६ पासून भिगवणला घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी केली. म्हणजे आपल्याच जिल्ह्यांत, आपल्याच भाषेत, गावात बसून उत्तम संशोधन कसं होतं याचा दाखला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर आहे. तरी पदव्युत्तरचा विद्यार्थी गुडघ्याचा कोन मोजतो, नव्वद झाला, शंभर झाला, एकशेदहा झाला, आणि "उत्तम सुधारणा" लिहितो. उकिडवं बसायला एकशेतीसच्या पुढं जावं लागतं. म्हातारी घरी जाऊन म्हणते, काय फरक न्हाई. दोघंही खरं बोलत असतात.

बदललेल्या गुडघ्यानं उकिडवं बसू द्यावं का, हा प्रश्न तर वेगळाच. त्यावर ऑर्थोपेडिक सर्जन एक सांगतो, आम्ही दुसरं, शेजारीण तिसरं, आणि आजी गुपचूप बसून मोकळी होते. हा विषय घेऊन कुणी दोन वर्षं गावोगाव फिरलं असतं, तर आम्हाला त्याचा उपयोग झाला असता.

बायकांच्या आरोग्याचं तर बोलायलाच नको, म्हणजे खरं तर बोलायलाच हवं. त्या टीबीच्या बाईंची सून गेल्या वर्षी माझ्याकडे आली. तक्रार कंबरदुखीची. मी तपासलं, व्यायाम दाखवले. तिनं पैसे दिले, चपला घातल्या, आणि दारात उभं राहून, माझ्याकडे न बघता म्हणाली, "खोकलं की लुगडं वलं हुतं. त्याला काय व्यायाम अस्तो का?" दुसऱ्या बाळंतपणाला तीन वर्षं झाली होती. तीन वर्षं ती हे घेऊन भांगलायला जात होती. असतो व्यायाम. ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम हा अशा तक्रारीवरचा जगभर पहिला मानलेला उपाय आहे. पण तो नीट शिकवायचा तर आतून तपासणी करता यायला हवी, ती संमती घेऊन, मर्यादा सांभाळून, कुणा जाणत्या बाईच्या देखरेखीखाली शिकायला हवी. रविवारच्या हॉटेलात प्लॅस्टिकच्या मॉडेलवर ती येत नाही.

ऊसाच्या हंगामात आमच्या कारखान्यांवर बीडकडून टोळ्या येतात. डोक्यावर मोळी घेऊन तिरक्या फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या बाईच्या अंगावर किती भार येतो, ते एकदा बघाच. २०१९ साली ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यामागची कारणं पुष्कळ आहेत आणि ती सगळी माझ्या धंद्यातली नाहीत. पण अंग थोडं खाली येतंय, ओटीपोटात ओढ लागतेय, या तक्रारीच्या पहिल्या पायरीवर कुणीतरी "आधी हे करून बघू" म्हणणारं तालुक्याला असतं, तर त्यातल्या काही बाया तरी ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचल्या नसत्या, असं मला वाटतं. ते माणूस तयार करायला तुमच्याकडे कोर्स हवा.

आता जरा नाजूक विषय. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाचं पत्र निघालं की फिजिओथेरपिस्टनी नावापुढं 'डॉ.' लावू नये, आणि दुसऱ्याच दिवशी ते मागं घेतलं गेलं. त्या दोन दिवसांत माझ्या फोनवरच्या आमच्या व्यवसायाच्या ग्रुपांनी जेवढे मेसेज टाकले, तेवढे गेल्या दहा वर्षांत अभ्यासक्रमाबद्दल टाकले नसतील. माझ्या पाटीवर 'डॉ.' आहे. काढायला लागलं तर वाईट वाटेल. पण गावातल्या माणसानं मला डॉक्टर म्हटलं, की त्याला काय हवं असतं? त्याला हवं असतं की ही बाई मला भलतंच काही करणार नाही आणि वेळेत योग्य जागी पाठवेल. ते आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार?

उलट, परदेशाकडे बघून केवळ पदवीचं नाव मोठं करायलाही माझा विरोध आहे. अमेरिकेनं प्रवेशाची पदवीच डॉक्टरेट केली. आमच्यातले काहीजण तेच मागतात. त्यापेक्षा दुसरीकडे बघा. ऑस्ट्रेलियात फिजिओथेरपिस्ट १९७६ पासून चिठ्ठीविना पेशंट बघतात. इंग्लंडमध्ये आज जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या, दवाखान्यात कंबर-गुडघा घेऊन येणारा माणूस आधी फिजिओथेरपिस्टलाच भेटू शकतो, आणि २०१३ पासून जादा प्रशिक्षण घेतलेल्यांना स्वतंत्रपणे औषधं लिहून देण्याचाही अधिकार आहे. तिथं पदवी घेऊन कुणी थेट त्या खुर्चीत बसत नाही. आधी काही वर्षांचा अनुभव, मग मास्टर्सच्या तोडीचं शिक्षण, त्यात शेजारी बसून बघणारा अनुभवी माणूस, आणि तू हे का ठरवलंस याची प्रत्येक केसमागे उलटतपासणी. माझ्या दोन विद्यार्थिनी तिकडे आहेत. एक फोनवर म्हणाली, "मॅडम, इथं मला सगळ्यात जास्त मार्क न केलेल्या ट्रीटमेंटला मिळाले." मी तिला म्हटलं, हे मराठीत लिहून पाठव. तिनं अजून पाठवलेलं नाही.

औषधं लिहायचा अधिकार मी मागत नाही. आज तरी नाही. आधी नाही म्हणायला शिकू.

मग काय हवं? मला जे वाटतं ते सांगते, त्यातलं अर्धं तुम्हाला अव्यवहार्य वाटेल.

पदव्युत्तरच्या दोन वर्षांतले सहा महिने तरी मोठ्या हॉस्पिटलच्या बाहेर काढा. उपजिल्हा रुग्णालयात, ग्रामीण रुग्णालयात, जिथं पेशंट पाटीशिवाय येतो. विद्यार्थ्यानं तो आधी बघावा, आपलं मत कागदावर लिहावं, आणि मगच तिथल्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं बघावा. दोन्ही मतं शेजारी-शेजारी ठेवून दर आठवड्याला तासभर बसावं. देखरेख कोण करणार, हा प्रश्न येणारच, आणि घोडं तिथंच पेंड खातं. जिल्ह्याजिल्ह्यात वीस-पंचवीस वर्षं काम केलेले फिजिओथेरपिस्ट आहेत. त्यांच्याकडे शोधनिबंध नाहीत म्हणून ते गाईड होऊ शकत नाहीत, पण शेजारी बसून बघायला निबंध लागत नाही. त्यांना मानद म्हणून घ्या, थोडं मानधन द्या. पेशंटचं नाव-गाव झाकून व्हिडिओवर केस मांडता येते, कोविडनं ते सगळ्यांना शिकवलं आहे.

राहण्या-खाण्याचं बघा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अनेक ठिकाणी स्टायपेंड मिळत नाही, उलट तेच फी भरतात. आणि वरून गावात पाठवणार असाल, तर ही शिक्षा वाटेल. शिक्षा म्हणून आलेला विद्यार्थी माझ्या बाकड्यावरच्या माणसांना नको आहे.

डेझर्टेशनला दुसरा पर्याय ठेवा. पंधरा-पंधराच्या गटाऐवजी शंभर पेशंटांची सहा महिन्यांनंतरची खबर घ्यायची मुभा द्या. घरी जाऊन, फोन करून, आजी जमिनीवरून उठते का ते बघून. त्यात पी-व्हॅल्यूसारखी आकडेमोड फारशी नसेल, पण निदान आजी असेल.

जे आधीच दवाखाने चालवतात त्यांना दोन वर्षं शटर खाली ओढायला लावू नका. मी ओढलं होतं. परत आले तेव्हा निम्मे पेशंट मालिशवाल्याकडे आणि निम्मे सांगलीला गेले होते, कर्ज वेगळंच. विद्यापीठांत आता शिकून झालेल्या भागाचं क्रेडिट साठवण्याची सोय आहे. महिन्यातून चार दिवस, तीन-चार वर्षांत पूर्ण होणारा, परीक्षेत प्रत्यक्ष पेशंट असलेला अभ्यासक्रम काढा. माझ्या वयाची माणसंसुद्धा पुन्हा बाकावर बसतील. मी तर पहिली.

डॉक्टर मंडळींचं म्हणाल, तर माझा एक ऑर्थोपेडिक मित्र आहे. तो हे पत्र वाचून म्हणाला, "म्हणजे उद्या तुम्ही सरसकट एमआरआय लिहायला लागणार." मी त्याला माझी वही दाखवली. त्यानं ती दोन तास चाळली, चहा थंड केला, आणि जाताना म्हणाला, ही मला झेरॉक्स करून दे.

या वहीचं सांगायचं राहिलं. त्या टीबीच्या बाईंच्या दुसऱ्या दिवशी मी एक लाँग बुक विकत आणलं. विद्यार्थ्यांच्या लॉगबुकात किती पेशंटना काय दिलं याचे रकाने असतात. माझ्या वहीत उलटं आहे: तारीख, वय, काय सांगितलं, मी हात का लावला नाही, कुठं पाठवलं, आणि पुढं काय निघालं. शेवटचा रकाना भरायला कधी आठवडा लागतो, कधी वर्ष. काही रकाने रिकामे आहेत, कारण माणूस परत आलाच नाही. काही ठिकाणी "काही निघालं नाही, उगाच पाठवलं" असं लिहिलेलं आहे, आणि तेही शिकण्यासारखंच आहे. खांदेदुखी म्हणून आलेला आणि फुप्फुसाच्या टोकाशी गाठ निघालेला विडीवाला त्यात आहे. कंबरदुखीबरोबर लघवी अडकलेला आणि बसायच्या जागेची जाणीव गेलेला हमाल आहे, त्याला मी माझ्या भावाच्या गाडीत घालून रात्री कराडला नेला होता. पोटरी दुखते म्हणून मालिश करून घ्यायला आलेली, विमानानं नुकतीच मुलाकडून परतलेली एक शिक्षिका आहे. पोटरीतल्या शिरेत रक्ताची गुठळी असावी, अशी शंका आली; तिच्या पोटरीला हात न लावणं हे माझं त्या वर्षातलं सर्वांत चांगलं काम होतं.

अशा आता तीन वह्या भरल्या आहेत. पहिल्या पानावर त्या बाईंचीच नोंद आहे. "हात का लावला नाही" या रकान्यात तिथं लिहिलंय: अकरा दिवस लावला.

नावं झाकून तिन्ही वह्यांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत. पदव्युत्तर लॉगबुकाच्या नमुन्यात हा एक रकाना घालायचं मंडळानं ठरवलं, तर कुठल्या पत्त्यावर पाठवू, तेवढं कळवा.

आपली,
एक फिजिओथेरपिस्ट,
सातारा जिल्हा